चोवीस चाकांची हमी

मोटारसायकलींच्या शर्यतीचा चिटणीस व्हायचं तर निदान मोटारसायकल चालवता यायला हवी, असा ज्योतीरामचा भाबडा समज होता. यशवंतराव साहेबांनी तो एका मिनिटात दूर केला.

"चालवणारे आम्ही बारा जण आहोतच," साहेब म्हणाले, "मला एक न चालवणारा पाहिजे. कागद सांभाळायला."

चिंचवडच्या त्या बोल्टच्या कारखान्यात ज्योतीराम अडीच वर्षं हंगामी कारकून होता. हंगामी माणसाला 'नाही' हा शब्द उच्चारायला बंदी असते, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण ज्याला क्वार्टर हवी आहे त्याला ते न लिहिताही समजतं. बायको कौशल्याबाई, दोन मुली आणि एक शिवणयंत्र एवढा संसार त्याने गावातल्या भाड्याच्या एका खोलीत मांडला होता. कायम झालेल्या माणसाला दोन खोल्यांची क्वार्टर मिळे. कायम व्हायच्या यादीवर साहेब सोमवारी सही करणार होते, यादीत तीन नावं होती, आणि तिसरं नाव ज्योतीरामचं होतं. शर्यत आदल्या दिवशी, रविवारी होती. हे दोन दिवस असे शेजारी शेजारी येऊन बसल्यापासून त्याला जेवण जात नव्हतं.

शर्यतीची जागा साहेबांनी स्वतः शोधली होती. निघोज्याच्या पलीकडे खिंड ओलांडली की सरकारी राखीव जंगल लागतं. जंगल म्हटल्यावर वाघ डोळ्यांसमोर आणू नयेत. ते गवताचं जंगल. मधेमधे अंजन, करवंद, बोर. थंडीत गवत वाळलं की वणव्याची भीती असते, म्हणून वनखातं डोंगराला वळसा घालून पंधरा-वीस फूट रुंदीचा पट्टा अगदी साफ करून ठेवतं. एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये यासाठी तो असतो. त्याला जाळरेषा म्हणतात. वनखात्याला तिथे जाळरेषा दिसत होती. साहेबांना दुर्बिणीतून पाच मैलांचा तयार रस्ता दिसला.

"फक्त परवानगी आणा," साहेब म्हणाले.

हा 'फक्त' शब्द ज्याने शोधून काढला, त्याने कधी सरकारी कचेरीत पाऊल टाकलं नसावं.

तालुक्याच्या गावी जंगलाच्या कचेरीत उद्धवराव नावाचे हेडक्लार्क होते. अतिशय सभ्य माणूस. त्यांनी ज्योतीरामला पाणी दिलं, छापील फॉर्म काढला आणि दौतीत टाक बुडवला.

"किती बैल?"

"बैल नाहीत. मोटारसायकली आहेत."

"बरं. मोटारसायकलींना किती बैल?"

"साहेब, ती आपली आपण चालते."

उद्धवरावांनी टाक खाली ठेवला. "ते मला ठाऊक आहे हो. माझा मेहुणाच चालवतो. पण फॉर्मला ठाऊक नाही ना!"

तो फॉर्म जंगलातून गवत, लाकूडफाटा नेणाऱ्या गाड्यांसाठी इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलेला होता. मोटारसायकलीसाठी फॉर्म नव्हता. आणि फॉर्म नाही ती वस्तू जंगलात जाऊ शकत नव्हती. तीन शनिवार ज्योतीराम अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या बाकावर बसला. चौथ्या शनिवारी उद्धवराव हसतमुखाने म्हणाले, "सापडलं! जुन्या हुकुमात आहे. वाहन कुठल्याही प्रकारचं असो, चाकांवर पास देता येतो. बारा दुणे चोवीस. चोवीस चाकांना प्रवेश! घ्या, आणि इथे हमी द्या."

हमीचा कागद असा होता : एका वेळी चोवीसपेक्षा जास्त चाकं जंगलात असणार नाहीत, आणि आत गेलेलं प्रत्येक चाक सूर्यास्तापूर्वी बाहेर येईल. तसं न झाल्यास सही करणाऱ्याविरुद्ध त्याच्या कचेरीला रिपोर्ट जाईल.

"ही सही आमच्या साहेबांची घेऊन येतो," ज्योतीराम म्हणाला.

"खुशाल आणा. पण मी उद्यापासून पंधरा दिवस रजेवर. मुलीचं लग्न आहे."

ज्योतीरामने सही केली. सही करताना हात इतका कापला की उद्धवरावांनी आपुलकीने विचारलं, "मलेरिया झाला होता का?"

घरी ही बातमी पोचायच्या आत शेजारी पोचली. शेजारचे मालोजीराव पलटणीतून जमादार म्हणून निवृत्त झालेले; लढाईत ते खेचरांच्या तुकडीवर होते, आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याजवळ खेचरांचा एक अनुभव असेच.

"सही केलीत? मेलात!" ते ओट्यावर बसत म्हणाले. "इराकात मी चाळीस खेचरांची सही केली होती. संध्याकाळी मोजली तर एकोणचाळीस."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? चाळिसावं होऊन मी उभा राहिलो. कॅप्टन लांबून मोजायचा."

मालोजीरावांच्या पत्नी सुमनताईंनी धीर म्हणून लिंबाचं लोणचं दिलं.  रात्री जेवायला वाढताना कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, मी क्वार्टरच्या खिडक्यांचं माप आणलंय, पण पडदे काही अजून शिवत नाही. सोमवार होऊ दे."

या एका वाक्याने ज्योतीरामची उरलेली भूकही गेली.

आता एक काम राहिलं होतं. वळणावळणावर लाल निशाण घेऊन उभी राहायला तीस माणसं हवी होती. त्यासाठी तो खिंडीखालच्या वाडीत मारुतराव पाटलांकडे गेला. पाटलांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"शर्यत म्हंता न्हवं?"

"हो, शर्यतच."

"मंग तीस मानसात काय व्हतंय? वाजंत्री किती? घड्याळवाला कोन? निशानवाला?"

बाहेर एस.टी.चा कंडक्टर घंटा वाजवत होता, आणि ती गाडी चुकली तर चिंचवडपर्यंत चालत जावं लागलं असतं. ज्योतीराम पायरीवरून उतरत घाईने म्हणाला, "पाटील, मला यातलं काही कळत नाही. तुम्ही तुमच्या शर्यतीला जसं करता, तसंच सगळं करा!"

मुलांना शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते : गाडी पकडायच्या घाईत कुणालाही कसली परवानगी देऊ नये. कारण मारुतराव पाटलांची शर्यत म्हणजे बैलगाड्यांची शर्यत. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक चढण असते, तिला घाट म्हणायचं. एकेका गाड्याने तो घाट चढायचा, त्या एका धावेला बारी म्हणायचं. गाड्याला चार बैल, आणि बैलांना हुरूप यावा म्हणून त्यांच्यापुढे स्वारासकट एक घोडी पळते. माथ्यावर घड्याळवाला वेळ मोजतो, हलगी वाजते, भंडारा उधळतात, आणि पंचक्रोशीतली माणसं पहाटेपासून गाड्या जुंपून बघायला येतात.

रविवारी दुपारी मन्सूर मिस्त्रीच्या मागे मोटारसायकलवर डोळे मिटून बसून ज्योतीराम खिंडीखाली पोचला. मन्सूर हा स्टेशनजवळचा मेकॅनिक. शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायला साहेबांनी त्याला बोलावलं होतं.

"ज्योतीरामभाऊ, डोळे उघडा," मन्सूर म्हणाला. "तुम्ही उरूस ठेवलाय का?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बैलगाड्या सोडलेल्या होत्या. शेव-रेवड्यांची दुकानं लागली होती. हलगी कडाडत होती. दोन-तीन हजार माणूस खिंडीच्या दोन्ही उतारांवर पसरलं होतं, आणि मधोमध कपाळाला मळवट भरलेली एक पांढरी घोडी पाय आपटत उभी होती.

खिंडीतच जंगलाचा नाका. आडवा बांबू, एक झोपडी, आणि झोपडीपुढे वही घेऊन बसलेला कोंडाजी गार्ड. ज्योतीरामला पाहताच त्याने उठून सलाम केला.

"या भाऊसाहेब. तुमचा पास संपला."

"संपला म्हणजे?"

"चोवीस चाकं आत गेली." त्याने वही पुढे केली. एकेक रेघ, नीट काढलेली. "पाटलांच्या शर्यतीला म्हणून लई गाड्या आल्या. पहाटं पयल्या आल्या त्या बारा घेतल्या आत. जागा बी चांगली गावली त्यास्नी. बैलांना मुसकी बांधल्यात, गवताला त्वांड लावत न्हाईत. दोन चाकं परत्येकी. मोजून घ्या."

"अरे, पण पास मोटारसायकलींचा आहे!"

"तसं लिवलंय कुठं?" कोंडाजीने कचेरीतून आलेली पासाची नक्कल उलटी-सुलटी करून दाखवली. "चाकं लिवल्यात. लाकडी का रबरी, काय बी न्हाई."

ज्योतीरामने पास वाचला. उद्धवरावांच्या सुंदर वळणात लिहिलं होतं : वाहन कोणत्याही प्रकारचे. त्याला एकदम इराकातल्या चाळिसाव्या खेचराची आठवण झाली.

पाऊण तासात साहेब आणि त्यांचे अकरा मित्र पुण्याहून येणार होते. ज्योतीराम बांबूखालून वाकून आत पळाला. आत उतारावर बारा गाड्या ऐटीत ओळीने उभ्या होत्या. बैल सोडून झाडांना बांधलेले, गाड्यांत पोरंबाळं, भाकऱ्यांची गाठोडी. त्याने हात जोडून प्रत्येकाला विनंती केली, की गाडी बाहेर घ्या. प्रत्येकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. पहिल्या गाडीत निघोज्याची छबूबाई बसली होती. पन्नाशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि समोर चार नातवंडं.

"मी कोंबड्याच्या आधी निगाले," ती म्हणाली. "आता म्हागारी जा म्हनतोस? तू कोन?"

"मी शर्यतीचा चिटणीस."

"मंग चिटणीसपना तिकडं कर. हितनं गाडी हालायची न्हाई."

मन्सूर मागे उभा राहून गाड्यांकडे टक लावून बघत होता. मिस्त्री माणसाला वस्तू सुटी झालेलीच आधी दिसते.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "गार्ड गाड्या मोजतोय की चाकं?"

"चाकं."

"मग गाड्या राहू द्या. चाकं बाहेर काढू."

कोंडाजीला विचारलं. त्याने डोकं खाजवलं, पास वाचला, पुन्हा वाचला. "चाक भाईर गेलं की भाईर गेलं," तो म्हणाला. "बिनचाकाची गाडी म्हंजी लाकूड. लाकूड आत असतंयच जंगलात."

पण छबूबाईने आसुड उचलला. "माज्या गाडीच्या चाकाला हात लावून तर बघ!"

ज्योतीरामने तिला हमी समजावून सांगितली. पास समजावला. जाळरेषा समजावली, मोटारसायकल क्लबचे नियमही समजावले. छबूबाई कोऱ्या चेहऱ्याने ऐकत राहिली. शेवटी त्याचा धीर सुटला आणि तो तिच्या गाडीच्या जुवावर मटकन बसला. "बाई, उद्या माझी नोकरी कायम व्हायची आहे. आज काही चुकलं तर नाव कापतील. दोन मुली आहेत मला. एका खोलीत राहतो."

छबूबाईने आसुड खाली ठेवला.

"मंग हे म्होरं सांगायचं की रं बाबा! मगाधरनं क्लब अन् रेषा काय लावलंस?" आणि ती स्वतःच खाली उतरली, आसाच्या टोकाची खीळ हातोड्याने ठोकून काढली, आणि गावभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ए बापूंनो! उतरा खाली! पोराच्या नोकरीचा सवाल हाय!"

अर्ध्या तासात बारा गाड्या पोटावर बसल्या. चोवीस चाकं घरंगळत नाक्याबाहेर आली आणि झोपडीच्या कुडाला टेकून उभी राहिली. कोंडाजीने चोवीस रेघा खोडल्या. त्यातलं कुठलं चाक कुठल्या गाडीचं, ही खूण करून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. आणि शेवटचं चाक टेकलं न टेकलं तोच खालून फटफट ऐकू आली. साहेब आले होते.

साहेबांनी गर्दी पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! लोकांना या खेळाची एवढी आवड आहे हे मला माहीत नव्हतं."

"हो साहेब," ज्योतीराम म्हणाला. खरं सांगायला वेळ नव्हता.

दर दहा मिनिटांनी एक, अशा मोटारसायकली सुटल्या. नाक्यातून खाली, जाळरेषेने डोंगराला वळसा, ओढा ओलांडून परत, आणि शेवटी सुट्या मुरमाचा चढ चढून खिंडीत. क्लबचं घड्याळ पाच मैलांची वेळ मोजत होतं. पाटलांच्या घड्याळवाल्याला पाच मैलांशी काही कर्तव्य नव्हतं. त्याने चढाच्या पायथ्याच्या अंजनापासून नाक्यापर्यंतचा घाट तेवढा धरला होता. खडकीचे एक कॅप्टन पहिले परतले. ते अंजनाशी येताच निशाण पडलं, हलगी कडाडली, आणि घोडी त्यांच्यापुढे भरधाव सुटली.

कॅप्टनसाहेबांनी लढाई पाहिली होती, पण पुढे पळणारी घोडी नव्हती. मुरमात चाक सरकत होतं, घोडीच्या टापांचे खडे तोंडावर येत होते, दोन्ही बाजूंनी हजार माणूस 'हाऽऽण' म्हणून ओरडत होतं. माथ्यावर सहा पैलवान हात पसरून उभे होते, कारण घाट चढून आलेले बैल धरावे लागतात. त्यांनी मोटारसायकल दोन्ही बाजूंनी धरली, उचलली आणि कॅप्टनसकट बाजूला ठेवली. वरून पिवळा भंडारा पडला.

"हे काय आहे?" कॅप्टन इंग्रजीत ओरडले.

"सन्मान," ज्योतीराम मराठीत म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे पळाला.

अकरा मोटारसायकली अशा येऊन पिवळ्या झाल्या. ज्योतीराम प्रत्येक वेळी वहीपाशी जाऊन मोजत होता. दोन बाहेर. चार बाहेर. बावीस बाहेर. सर्वांत शेवटी, पावणेचार वाजता सुटलेले यशवंतराव साहेब मात्र परत आले नाहीत.

साडेचार झाले. पाच वाजले. जानेवारीतला सूर्य पश्चिमेच्या डोंगराकडे असा घाईने निघाला होता, जसं काही त्यालाही कुठे हमी द्यायची होती.  दोन चाकं आत होती. आणि त्या चाकांवर बसलेले साहेब तेच, उद्या यादीवर सही करणारे.

इकडे गाडीवाले चाकं मागू लागले. सगळ्यांना उजेडात घरी जायचं होतं. कोंडाजीने हिशेब केला : बावीस बाहेर आली, म्हणजे बावीस आत जाऊ शकतात. अकरा गाड्या चढवा. बाराव्या गाडीची चाकं साहेब आल्यावर. बारावा गाडीवाला ज्योतीरामच्या पुढ्यात येऊन आसाच्या दोन्ही खिळी वाजवत उभा राहिला. 

आणि मग भांडण पेटलं. सुताराने केलेलं चाक आपल्याच आसावर बसतं. दुसऱ्याच्या आसावर चढवलं तर कुरकुरतं किंवा निखळतं. चोवीस चाकं सारखी दिसत होती. दोघं एकाच चाकाला दोन बाजूंनी लोंबकळत होते. छबूबाईने मात्र चाकांवरून नुसता हात फिरवत दोन बाजूला काढली.

"नक्की तीच का?" ज्योतीरामने विचारलं.

"बाबा, नवरा वळखायला चुकंन, चाकाला चुकायची न्हाई," ती म्हणाली, आणि पंधरा मिनिटांत तिची गाडी जुंपून उभी राहिली. तिने ज्योतीरामच्या तोंडाकडे पाहिलं. "तुझा सायेब खालीच हाय न्हवं? बस गाडीत."

नातवंडांना खाली उतरवून ती दोघं ओढ्याकडे निघाली. साहेब सापडले ते करवंदीच्या जाळीमागे. मोटारसायकलची साखळी तुटली होती, पुढचं चाक दगडावर आपटून वाकडं झालं होतं, आणि साहेब त्याच दगडावर बसून होते. लागलं काहीच नव्हतं. त्यांनी ज्योतीरामला पाहून तोंड फिरवलं.

"वर लोक आहेत का अजून?"

"आहेत साहेब."

"किती?"

"तीनेक हजार."

"मग तुम्ही जा. अंधार पडला की मी येतो."

ज्योतीरामच्या आयुष्यात असा प्रसंग पहिल्यांदाच आला. 'हो साहेब' म्हटलं तर रिपोर्ट जातो आणि नाव कापलं जातं. 'नाही साहेब' म्हटलं तर साहेबच नाव कापतात. त्याने टेकडीवरच्या सूर्याकडे पाहिलं. तो हातभर राहिला होता.

"नाही साहेब," तो म्हणाला, आणि आपल्याच आवाजाने दचकला. "अंधार पडल्यावर चालणार नाही. मी दोन चाकांची सही केलेली आहे. चाकं तरी द्या."

 साहेब काय म्हणाले असते कोण जाणे, पण छबूबाई गाडीवरून ओरडली, "चढ की रं बाबा आता! लाज वाटत आसंल तर घोंगडीखाली निज. माजी गुरं थंडीनं कुडकुडाय लागली."

तिघांनी मिळून मोटारसायकल गाडीत उभी करून सोलाच्या जाड दोराने बांधली. साहेब तिच्या शेजारी घोंगडी पांघरून आडवे झाले. चिंचवडच्या कारखान्यातले चारशे कामगार ज्यांच्या पायरवाने उठून उभे राहत, ते यशवंतराव साहेब घोंगडीतून बारीक आवाजात म्हणाले, "हळू न्या."

हळूच नेणार होते. पण चढाच्या पायथ्याशी, अंजनाखाली, पाटलांची माणसं होती. त्यांना ओढ्याकडून येणारी गाडी दिसली, गाडीत ओझं दिसलं, तेव्हा त्यांनी माणुसकीने जादा बैलजोडी पुढे जोडली. चार बैल जुंपले गेले. आता चार बैल जुंपलेला गाडा अंजनाखाली उभा राहिला की पुढे काय होतं, हे त्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. घोडीवाला आपोआप पुढे येऊन उभा राहिला. निशाणवाल्याने हात वर केला.

"नाही, नाही!" ज्योतीराम किंचाळला.

निशाण पडलं.

बैलांनी उसळी घेतली. छबूबाईने आसुड उचललासुद्धा नाही; नुसती जिभेने एक टाळी दिली. मुरूम उडाला. ज्योतीराम गाडीच्या मागच्या दांडीला लोंबकळत होता आणि त्याही स्थितीत त्याचं तोंड 'दोन, चार, दोन, चार' असं मोजत होतं. अर्ध्या चढावर घोंगडी वाऱ्यावर उडाली. खाली पडू नये म्हणून साहेब उठले आणि हाताला लागलं ते त्यांनी धरलं. ते मोटारसायकलचं हँडल होतं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी एक पाय पलीकडे टाकला. आणि तीन हजार माणसांनी पाहिलं : पुढे घोडी, तिच्यामागे चार बैल, बैलांमागे पदर खोचलेली छबूबाई, आणि तिच्यामागे गाडीत मोटारसायकलवर स्वार झालेले, केस उडालेले, डोळे फाडलेले यशवंतराव साहेब.

असा आरडाओरडा त्या खिंडीने त्याआधी ऐकला नसेल. पैलवानांनी बैल धरले. भंडारा एवढा पडला की काही वेळ कुणाला कुणी दिसेना. पाटलांच्या घड्याळवाल्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं, मग पाटलांना दाखवलं. मारुतराव पाटील दगडावर चढले.

"आजची सगळ्यात जलद बारी!" ते गरजले. "छबूबाई, निघोजे! आन् गाड्यात सायेब!"

पहिल्या नंबराचा फेटा तयारच होता. पण बाईला फेटा कसा बांधायचा, यावर पंच अडले. छबूबाई बैलांच्या तोंडाचा फेस पुसत म्हणाली, "पळलं कोन? त्यालाच बांधा की." मग तो फेटा गाडीलगतच्या, धुरेच्या बैलाच्या शिंगांना बांधला.

ज्योतीराम हे काहीही बघत नव्हता. तो कोंडाजीपुढे उभा होता. कोंडाजीने बांबूबाहेर आलेल्या बैलगाडीची दोन आणि तिच्यातली दोन अशी चारही चाकं हात लावून मोजली. तोवर भांडत-भांडत बाकीच्यांनी आपापली चाकं ओळखून चढवली होती; बाराव्या गाडीची चाकं आत गेली, चढली. एकेक गाडी खडखडत बाहेर आली. शेवटची रेघ खोडली गेली, तेव्हा सूर्याची नुसती कड डोंगरावर राहिली होती.

"निल्ल. आत येक बी चाक न्हाई," कोंडाजी म्हणाला आणि वही मिटली.

ज्योतीराम तिथेच खाली बसला. मग त्याने वळून साहेबांकडे पाहिलं. नखशिखांत पिवळे झालेले साहेब मित्रांच्या घोळक्यात उभे होते. मित्र हसत होते. साहेब हसत नव्हते. जाताना त्यांनी ज्योतीरामकडे न बघता एवढंच म्हटलं, "रिपोर्ट उद्या सकाळी टेबलावर ठेवा. क्लबला आणि वनखात्याला जायचा आहे."

सोमवारी सकाळी दहा वाजता ज्योतीराम साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. टेबलावर एका बाजूला कायम व्हायची यादी होती. तीन नावं. सही नव्हती. साहेबांच्या कानामागे भंडारा अजून राहिला होता, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.

साहेबांनी रिपोर्ट उचलला. बरीच पानं भराभर उलटली आणि एका जागी थांबले. तिथे लिहिलं होतं :

'स्पर्धक क्रमांक बारा यांच्या वाहनात यांत्रिक अडचण उद्भवली असता त्यांनी वाहन जंगलात सोडून न देता, उपलब्ध साधनाने, ठरलेल्या मार्गानेच, शेवटची चढण सर्व स्पर्धकांपेक्षा कमी वेळात पार करून, सूर्यास्तापूर्वी जंगल सोडले.'

साहेबांनी ते वाक्य वाचलं. खिडकीबाहेर पाहिलं. पुन्हा वाचलं.

"यात खोटं काय आहे?"

"काही नाही साहेब. वेळेला पाटलांच्या घड्याळाचा आधार आहे."

"बैल दिसत नाहीत कुठे."

"उपलब्ध साधनात आले, साहेब. चारही."

 बाहेर यंत्रांची घरघर चालली होती.  मग साहेबांनी यादी पुढे ओढली, टोपण काढलं आणि तिन्ही नावांखाली एक लांबलचक सही केली.

"थँक्यू साहेब," ज्योतीराम कसाबसा म्हणाला.

"आभार नकोत," यशवंतराव साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो रिपोर्ट जपून आपल्या खणात ठेवला. "असं वाक्य लिहिता येणाऱ्या माणसाला हंगामी ठेवणं धोक्याचं आहे."